यंदाचा कोटा

"गेल्या वर्षी मॉर्फिन किती वापरलं?" जगभरचा मॉर्फिनचा कोटा ठरवणाऱ्या परदेशी मंडळाच्या फॉर्मवर एवढंच विचारलं होतं. कॅन्सर वॉर्डाच्या सिस्टरांनी खरं ते लिहिलं: शून्य. वर्षभर औषध आलंच नव्हतं, तर वापरणार काय, कपाळ?

उत्तर मात्र तत्परतेने आलं. वापर शून्य म्हणजे दुखणं शून्य, म्हणून यंदाचा कोटाही शून्य. सोबत सोनेरी चौकटीत प्रशस्तिपत्र: 'वेदनामुक्त वॉर्ड'.

मोठ्या डॉक्टरांचा हुकूम म्हणून सिस्टर स्टुलावर चढून ते भिंतीवर टांगू लागल्या. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर उशीत तोंड खुपसून कण्हत होते. त्यांनी चष्मा चढवून त्यातलं अक्षर न् अक्षर वाचलं आणि ते एकदम गप्प झाले.

"बरं वाटतंय का, सर?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही हो," ते दात आवळून कुजबुजले, "माझी खाट तेवढी व्हरांड्यात न्या. कण्हायचंय."