द्राक्षाची साल
मला शस्त्रक्रिया शिकवणारे सरच माझे पेशंट होते. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, पण सर हटून बसले. "दुर्बिणीनंच कर. रोबोटचे लाड नकोत." खड्यांना काय, दोन्ही सारखंच, पण न बघताच नाक मुरडणं मला खपेना. हात थरथरायला लागल्यावर सरांनी ऑपरेशनं सोडली होती. सांडू नये म्हणून चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचे. मी त्यांना रोबोट चालवायच्या खुर्चीत बसवलं आणि नवशिक्यांना ते घालायचे तीच अट घातली: "द्राक्ष सोला, गर फुटता कामा नये." कुरकुरत त्यांनी यंत्राच्या हात चालवणाऱ्या कड्यांत बोटं अडकवली. बोटं थरथरली, पडद्यावर दिसणारा रोबोटचा चिमटा मात्र नाही. यंत्र कंप गाळून टाकतं. साल अलगद निघाली. मी विचारलं, "मग, ऑपरेशन कशानं करू?" "ते नंतर बघू." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "अजून द्राक्षं आहेत का?"