देठावरच्या गाठी

शिमल्याहून पानं घेऊन आलेला बर्फाचा डबा. निवलेली कॉफी. शर्वाणीच्या नखाखाली हिरवा गर.

"सर, हे शेवटचं पान," ती म्हणाली. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून खानापूरकर पानं बोटांनीच ओळखत. आज समितीसमोर चुकले, तर वनस्पतिसंग्रहाचं प्रमुखपद त्यांच्या या लाडक्या विद्यार्थिनीकडे जाणार होतं.

त्यांनी देठ चाचपला. "चेरी. चेरीच्या देठावर, पात्याजवळ, दोन गाठी असतात. इथल्या कुणीतरी खरवडल्यात. जागा अजून ओली लागतेय."

"म्हणजे आता पानंसुद्धा तुमच्याविरुद्ध फितूर का, सर?" समितीतलं कुणीतरी म्हणालं. बाकीचे हसले.

अध्यक्षांनी भिंग शर्वाणीकडे सरकवलं. "तुम्हीच बघा, मॅडम. इथे तरुण डोळे तुमचेच."

तिने बराच वेळ पाहिलं. "देठ गुळगुळीत आहे. प्लम आहे, सर." आवाज अगदी हळुवार होता. मग तिने त्यांच्या हातातून पान काढून घेतलं.

खानापूरकर आपली बोटं एकमेकांवर घासत राहिले. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," ते म्हणाले. "बोटंही गेली म्हणायची."

गेल्या महिन्यात ठरलेलं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शर्वाणीनेच पुढे ढकलायला लावलं होतं.