पुन्हा कामावर

बन्सीनं अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी टेबलावरचा नट उचलला, बोल्टवर बसवला आणि फिरवून घट्ट केला. सभागृहात टाळ्या वाजल्या.

फहमिदा बाजूला उभी होती. टाळ्या तिच्यासाठीही होत्या. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली बन्सीची दोन बोटं गेली, तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून तिनंच त्याला सगळं नव्यानं शिकवलं होतं. आधी शर्टाची गुंडी लावणं, मग भाकरी मोडणं, शेवटी पाना धरणं. आज क्रांती चौकातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर थेरपिस्टांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग भरला होता. नोंदणी टिकवायची तर असे वर्ग करावेच लागत. आठवडाभर दवाखाना, आणि रविवारी हे. आजचा विषय होता, रुग्णाला पुन्हा कामावर कसं न्यावं. उदाहरण म्हणून तिनंच बन्सीला बोलावून घेतलं होतं.

“आता काय काम करता?” पुण्याहून आलेल्या सरांनी त्याला विचारलं.

“प्रेसवरच हाय सर. त्याच मशीनवर.”

“त्याच मशीनवर!” सर सभागृहाकडं वळले. “आपल्या कामाला याहून मोठी पावती कुठली?”

पुन्हा टाळ्या. फहमिदाचे पाय भरून आले होते. मंचावरून उतरून खुर्चीत बसावं, एवढंच तिला वाटत होतं. तरी तिनं माइक जवळ ओढला.

“बन्सीभाऊ, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बसवणार होते ना? बसवला का?”

“बसवला की म्याडम. पण बंदच ठेवत्यात. सारखी मशीन थांबती म्हणत्यात, माल निघत नाय.”

सरांनी घड्याळ पाहिलं.

“तो कंपनीचा प्रश्न झाला मॅडम,” ते समजुतीनं म्हणाले. “आपला विषय हाताचा आहे.”

फहमिदानं मान हलवली. हे वाक्य तिनं स्वतःलाही अनेकदा ऐकवलं होतं.

चहाची सुट्टी झाली. ती बाहेर आली तर जिन्यापाशी बन्सी उभा होता. सोबत पन्नाशीचा, खुरटी पांढरी दाढी वाढलेला एक माणूस. त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं.

“म्याडम, हे सांडूमामा. आमच्याच कंपनीतले. म्हणलं, आलोच हाय तर तुम्हाला दाखवावं.”

“हात खाली सोडू नका मामा, सूज येते.” फहमिदानं तो हात अलगद उचलून त्याच्या छातीशी धरला. बँडेजच्या बाहेर अंगठा आणि एकच बोट दिसत होतं. “कुठं झालं हे?”

सांडूमामानं बन्सीकडं पाहिलं. बन्सीच म्हणाला, “माझ्याच मशीनवर. त्या दिवशी मी शेवटच्या खेपेला तुम्हाला हात दाखवायला आलो व्हतो ना, तव्हा माझ्या जागी मामा व्हते.”

आत माइकवर पुढच्या व्याख्यानाची घोषणा झाली. थकव्याचे रुग्ण, आणि त्यांनी आपली ताकद कशी राखावी. लोक कप ठेवून आत जाऊ लागले. कुणीतरी जाता जाता म्हणालं, “चला फहमिदा मॅडम.” ती गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली. सांडूमामाही बसला.

“ताई,” तो पहिल्यांदाच बोलला, “बन्सीसारखा हात करून द्या बघा. म्हंजे मलाबी लवकर कामावर जाता येईल.”

फहमिदानं त्याच्याकडं पाहिलं, मग बन्सीकडं.

“बन्सीभाऊ, तुम्ही आज इथं आलात. मग मशीनवर कोण आहे?”

“नवा हाय म्याडम. मुख्तार म्हणून, जालन्याचा. कालच लागलाय.”

ती पायरीवरून उठली.

“सुपरवायझरचा नंबर लावा,” ती म्हणाली.

बन्सी घुटमळला. “माझ्या नोकरीवर येईल म्याडम.”

“तुमचं नाव नाही घेत. माझ्या फोनवरून लावते. नंबर सांगा.”

वाळूजच्या कारखान्यात फोन लागला. तिनं आपलं नाव सांगितलं. पलीकडं लोखंडावर लोखंड आदळत होतं. धाड. धाड.

“बोला म्याडम! कसा झाला आमच्या बन्सीचा कार्यक्रम?”

“ती प्रेस बंद करा. सेन्सर चालू करा, मगच माणूस उभा करा.”

“काय? ऐकू येईना.”

ती ओरडली. जिन्यावरून खाली निघालेला वेटर थबकला. “सेन्सर चालू करा! नाहीतर उद्या सकाळी मी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं जाणार आहे.”

पलीकडं क्षणभर फक्त मशीनच ऐकू आलं.

“बघतो म्याडम. मालकाला इचारावं लागंल. थांबा जरा, दारात गाडी लागलीय.”

फोन कुठंतरी पत्र्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. फोन चालूच होता.

“कट करू का म्याडम?” बन्सीनं विचारलं.

“नको.”

तिनं फोन कानाला घट्ट लावला, दुसरा कान हातानं झाकला आणि डोळे मिटले. धाड. मग थोडी शांतता. त्या शांततेत तिनं कधी न पाहिलेला एक माणूस आत हात घालत होता, तयार पत्रा काढत होता, नवा ठेवत होता. ठोका पडला की ती श्वास रोखायची, ओरडणं ऐकू येतंय का म्हणून. पुढचा ठोका पडला, की सोडायची, आणि पुन्हा रोखायची.