घरचं विरजण

दवाखान्यात रेवाच्या रक्ताने पिशवी भरत आली, तशी आईची चुळबुळ सुरू झाली. "तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत गं. सकाळी आलो असतो."

तेविसाव्या वर्षी कॅन्सर निघाला, तेव्हा रेवाला मिरजेच्या एका बऱ्या झालेल्या रिक्षावाल्याचं विरजण मिळालं होतं. म्हणजे त्याच्या रक्तातल्या, कॅन्सरशी लढायला शिकलेल्या चमचाभर पेशी. त्यांनी तिच्या पेशींनाही शिकवलं. सहा महिने ती ओकली, रडली, पण हटली नाही. आज तिचं विरजण पुढे निघालं होतं.

पलीकडच्या खाटेवर एक कॉलेजातली मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. रेवाही अशीच पडून असायची.

"आई, ती सकाळपर्यंत कशाला थांबेल?"

आईने वळून त्या मुलीकडे पाहिलं. बाहेर अंधारून आलं. नर्सने पिशवीवर रिक्षावाल्याच्या नावाखाली रेवाचं नाव लिहिलं. त्या मुलीच्या आईने भीत भीत विचारलं, "लागेल ना हो?"

रेवाची आई ताठ उभी राहिली. "न लागायला काय झालं? आमच्या घरचं विरजण आहे!"