ताईबाईचा सांगावा

"ताईबाई सांगेल तेव्हा जाईन," असं म्हणून हीराबाईंनी कूस बदलली आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली.

उत्तमचंद पलंगाशी उभेच राहिले. डेंग्यूनं अर्धं जळगाव आडवं केलेलं, पिंप्राळ्यात एक घर सोडून दुसऱ्यात ताप, आणि ही बाई कालपासून अंग मोडून आलंय म्हणून पडलेली. थर्मामीटर स्वतःच लावायचा, स्वतःच बघायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"अगं, ताईबाई काय डॉक्टर आहे?"

"तुम्ही तरी कुठे आहात?" शालीतून उत्तर आलं. "परवा डोकं धरून बसलात, मी म्हटलं दवाखान्यात चला. काय म्हणालात? दिवाळीच्या गर्दीत शेठ आजारी पडत नाही. मग मीच काय घोडं मारलंय?"

"ते साड्यांची गाठोडी उचलून दुखत होतं."

त्यांनी पंखा बंद केला. आजारी माणसाला वारा नको. याहून जास्त त्यांना काही बोलता येईना, कारण ताईबाई म्हणजे खुद्द उत्तमचंदच होते.

त्यांचं साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक बहुतेक खेड्यापाड्यातलं. साडी दाखवताना शेठ स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकायचे, मान तिरकी करायचे आणि बायकी आवाजात म्हणायचे, "दखा वं माय, कशी दिखस मी?" बायका हसून बेजार व्हायच्या आणि साडी घेऊनच उठायच्या.

साथ आली तेव्हा डॉक्टर हितेंद्रनं, म्हणजे शेजाऱ्यांच्या मुलानं, त्यांना गळ घातली. दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढ्या बायका आहेत, तर चार शब्द सांगा, काका. काकांनी आपल्या आवाजात सांगितले. शेठ बोलतोय म्हटल्यावर कुणी कान दिला नाही. सगळ्यांना वाटलं, सेल लागलाय.

मग ते गोदामात गेले, दार लावलं, खांद्यावर पदर घेतला आणि फोनमध्ये आवाज भरला. पदराशिवाय तो आवाज निघतच नसे. "ऐका वं माय-बहिनीस्वन, मी तुमनी ताईबाई! आठ दिनमा एकदाव बठ्ठं पानी फेकी द्या, हंडा-टाकी घशी काढा."

बघता बघता ताईबाई साक्रीपासून भुसावळपर्यंत पोचली. बायका टाक्या घासायला लागल्या. नुसत्या पपईच्या पानांच्या रसावर भरवसा ठेवणारे रक्त तपासायला रांगेत उभे राहिले. दाढीमिशीवाली ताईबाई रोज दुकानात बसून आपलंच कौतुक गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकायची आणि मिशीत हसायची.

घरी मात्र सांगायची सोय नव्हती. हीराबाईंनी जन्मभर चिडवलं असतं. वर त्याच ताईबाईच्या पहिल्या भक्त. क्लिप आली की मिक्सर बंद करून ऐकायच्या आणि नवऱ्याला म्हणायच्या, "शिका जरा, कसं गोड बोलावं माणसानं!"

शालीची हालचाल थांबली. झोप लागली असावी. उत्तमचंदांनी हळूच वाकून त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

कपाळ गार होतं. अगदी थंडगार.

त्यांच्या काळजाचं पाणी झालं. दोनच दिवसांपूर्वी हितेंद्रनं बजावलं होतं, काका, हे नीट सांगा: डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच कधीकधी खरा धोका असतो. लोक बरं वाटलं म्हणून घरी थांबतात आणि उशीर होतो. तीच क्लिप दिवाळीच्या गडबडीत राहून गेली होती.

ते तसेच गोदामात गेले. पाय लटपटत होते, घसा कोरडा पडला होता. पदर घेताना हात थरथरले. भीती वाटते म्हणजे काय, हे त्यांना इतक्या वर्षांत आज कळत होतं.

"ऐका वं माय, ताप उतरना म्हणजे बरं व्हयनं असं समजू नका. तवयच खरी भीती शे. हट्ट करू नका, दवाखानामा जा, रगत तपासा. घरना मानूसनं ऐका." इथवर हितेंद्रचं होतं. पुढचं त्यांच्याच तोंडून निघून गेलं. "तुमनाबिगर घर सुनं शे वं."

हे त्यांनी बायकोला स्वतःच्या आवाजात कधी सांगितलं नव्हतं.

घरी परतले तर हीराबाई लुगडं बदलून तयार. फोन हातात, डोळे ओले.

"चला. ताईबाईनं सांगितलं, आता माघार नाही."

पिशवीही भरून झाली होती. वर उत्तमचंदांचाच पंचा होता, त्याखाली त्यांचाच सदरा. तापात माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं, असं मनाशी म्हणत त्यांनी पिशवी उचलली. ती आज त्यांना फार जड लागली.

रिक्षात हीराबाईंनी भर रस्त्यात त्यांचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. तो गार हात उत्तमचंदांनी आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"आवाज बसलाय हो बिचारीचा," हीराबाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"ताईबाईचा."

दवाखान्यात हितेंद्र धावतच आला. "काकू, या, इथे आडव्या व्हा."

हीराबाई आडव्या झाल्या नाहीत. त्यांनी उत्तमचंदांच्या खांद्याला धरून त्यांनाच खाटेवर बसवलं आणि वाकून त्यांच्या पायातल्या चपला काढल्या. मग पदर सारखा केला, मान तिरकी केली.

"मले काहीच व्हयेल नई, डॉक्टरभाऊ," त्या म्हणाल्या. "तापमा शे ती ही ताईबाई. हिनं रगत तपासा."