डावा खिसा

विज्ञान केंद्रातल्या, हवेत विजेचे लोळ सोडणाऱ्या टेस्ला कॉइलचं व्होल्टेज रोज सकाळी खेळ सुरू होण्याआधी ठिणगीकाका मोजायचे. लांब दांड्यावरचा पितळी गोळा उजव्या हाताने हळूहळू कॉइलजवळ न्यायचा, ठिणगीने उडी मारली की मधलं अंतर वाचायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. डावा हात मात्र खिशात. तो बाहेर राहून कशाला टेकला आणि झटका बसला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून आरपार दुसऱ्या हाताने बाहेर पडते, हे त्यांनी तीस वर्षं प्रत्येक नवख्याला घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं.

त्यामुळे काकांच्या प्रत्येक पँटचा डावा खिसाच आधी विरायचा. "एवढी वीज मोजता, आणि एक खिसा सांभाळता येत नाही?" असं करवादत काकू त्याला आतून दुहेरी अस्तर लावून द्यायच्या.

काकूंना जाऊन दोन महिने झाले. काका चौथ्याच दिवशी कामावर हजर झाले होते, डोळ्यांतून टिपूसही न काढता. आज नेहमीसारखी ठिणगी पडली, त्यांनी आकडा सांगितला. स्विचजवळ बसलेल्या मदतनीस ताईंनी तो लिहून घेतला, मान वर केली आणि घाबरून स्विचच बंद केला.

"काका, अहो, दोन्ही हात बाहेर!"

परक्या कुणाचा हात बघावा तसं काकांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

 

"खिसा फाटलाय," ते म्हणाले.