मोरणीचं दूध

नव्या सुनेचा पहिला स्वयंपाक, आणि तिनं मोरणी नावाच्या शेळीच्या उकळत्या दुधात लिंबू पिळलं.

सासू, गजराबाई, हातातलं टाकून चुलीकडं धावल्या. या घरात दूध नासलं की शेळीला दृष्ट लागली म्हणत. मीठ-मिरच्या ओवाळून टाकत आणि ते दूध बाभळीच्या मुळाशी ओतत. म्हणून त्यांनी उभा जन्म दुधाला डोळ्यात तेल घालून जपलं होतं.

"आत्या, जरा दम धरा," सून म्हणाली. तिनं फाटलेलं दूध फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. संध्याकाळी गाठ सोडली तर आत पांढराशुभ्र गोळा.

"याला चीज म्हणतात, पनीरासारखंच." तिनं त्यात मीठ, लसूण, कोथिंबीर कालवली, ढोबळ्या मिरच्यांत भरलं आणि तव्यावर खरपूस भाजलं.

गजराबाईंनी भीतभीत घास घेतला. आधी मऊपणा लागला, मग आंबूस चव, आणि मागून हळूच माळावरच्या पाल्याचा वास आला.

उरलेला तुकडा तळहातावर घेऊन त्या तशाच गोठ्यात गेल्या. मोरणीपुढं वाकून पाया पडल्या.

"बाई, एवढं सगळं तुझ्यात होतं व्हय?"